बर्ट ट्राउटमानची मान आणि त्याचा हात

प्रश्न थोडक्यात असा आहे: बर्ट ट्राउटमान हा जर्मन युद्धकैदी इंग्लंडमध्येच राहिला, मँचेस्टर सिटीचा गोलकीपर झाला आणि मान मोडलेली असताना एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या मानाच्या स्पर्धेची फायनल खेळला, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण गोलकीपर म्हणून तो खरोखर किती चांगला होता? आणि पुढे मॅनेजर म्हणून त्याचं काय झालं?

मानेची गोष्ट खरी आहे, खाली ती तपशिलात येईलच. पण मान मोडल्यावर तो खेळला त्या सतरा मिनिटांमुळे त्याची बाकीची पंधरा वर्षं झाकली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ट्राउटमान मोठा होता तो त्याच्या उजव्या हातामुळे. चेंडू अडवणारे गोलकीपर त्या काळातही पुष्कळ होते. अडवलेल्या चेंडूपासून पुढच्या दोन सेकंदांत आपल्या संघाची चढाई सुरू करणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आधी तो तिथे पोचला कसा ते बघू. जन्म ब्रेमेनचा, २२ ऑक्टोबर १९२३ चा. नाव बर्नहार्ड. दहाव्या वर्षाच्या आसपास नाझींच्या मुलांच्या संघटनेत, मग हवाई दलात, तिथून पॅराशूट दलात. पूर्व आघाडीवर युक्रेनमध्ये लढला, आयर्न क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळवलं. तिथल्या जंगलात नागरिकांची सामूहिक हत्या होताना आपण पाहिली, असं त्याने पुढे स्वतः सांगितलं आहे. १९४५ मध्ये पश्चिम आघाडीवर पकडला गेला आणि इंग्लंडला आणला गेला. कैद्यांची विचारसरणी तपासून त्यांची प्रतवारी लावली जात असे. त्याला सुरुवातीला कट्टर नाझींच्या गटात टाकलं होतं, नंतर कमी कट्टर गटात आणलं. हे सगळं झाकून ठेवून त्याला लहानपणापासूनचा सज्जन म्हणून रंगवणं बरोबर नाही. तो बदलला, आणि तो बदल इंग्लंडमधल्या साध्या माणसांच्या वागणुकीमुळे झाला, असं तो आयुष्यभर म्हणत राहिला.

लँकशायरमध्ये ॲश्टन-इन-मेकरफील्डच्या छावणीत कैद्यांचे फुटबॉल सामने व्हायचे. ट्राउटमान तिथे बचावफळीच्या मधोमध, सेंटर-हाफला खेळायचा. एका सामन्यात त्याला दुखापत झाली म्हणून त्याने गोलकीपर ग्युंटर ल्यूरशी जागा बदलली आणि गोलमध्ये उभा राहिला. तो तिथलाच झाला. 'बर्न्ट' म्हणताना इंग्रजांची जीभ अडखळायची, म्हणून बर्ट. १९४८ मध्ये मायदेशी परतायची मुभा असूनही तो राहिला. शेतावर काम केलं, न फुटलेले बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात काम केलं आणि सेंट हेलन्स टाउन या स्थानिक क्लबकडून खेळू लागला. ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं.

आता हाताकडे येतो. लहानपणी तो फुटबॉलइतकाच हँडबॉल खेळायचा, शिवाय फ्योल्करबाल, म्हणजे चेंडू फेकून समोरच्याला बाद करायचा डॉजबॉलसारखा खेळ. त्यातून त्याचा खांदा आणि मनगट घडलं. सिटीत त्याच्या आधीचा गोलकीपर फ्रँक स्विफ्ट हाही चेंडू लांब फेकायचा, त्यामुळे ट्राउटमानने ही गोष्ट शोधून काढली असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे. त्याने फेक इतकी लांब आणि इतकी अचूक केली की संघाची अख्खी आखणी तिच्यावर उभी राहू शकली.

हे इतकं महत्त्वाचं का, ते समजायला तेव्हाचा खेळ डोळ्यांपुढे आणा. चेंडू हातात आला की गोलकीपर तो जोरात लाथाडायचा. पन्नास-पंचावन्न मीटर जाणारी किक हवेत साधारण सव्वातीन ते साडेतीन सेकंद असते. तेवढ्यात दोन्ही संघांचे खेळाडू चेंडूखाली जमतात आणि मग ज्याची उडी उंच त्याचा चेंडू. म्हणजे अडवून कमावलेला चेंडू निम्म्या वेळा परत प्रतिस्पर्ध्याला दान. तीस-पस्तीस मीटरची सपाट फेक दोनेक सेकंदांत पोचते आणि ती आपल्याच माणसाच्या पायाशी पोचते. चढाई करून आलेल्या प्रतिस्पर्ध्यांची तोंडं अजून आपल्या गोलकडे असतात, तेवढ्यात चेंडू त्यांच्या पाठीमागे गेलेला असतो.

ही फेक दिसते तितकी सोपी नाही. तेव्हाचा चेंडू कातड्याचा, दोरी ओवून बंद केलेला. नियमाप्रमाणे सामना सुरू होताना त्याचं वजन १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ३९६ ते ४५३ ग्रॅम. पावसात कातडं पाणी प्यायलं की तो चांगलाच जड व्हायचा. गोलकीपर बहुधा उघड्या हातांनी खेळायचे, ओल्यात फार तर लोकरीचे हातमोजे. शिवाय चेंडू हातात धरून चारच पावलं टाकता यायची, त्यापुढे जायचं तर तो जमिनीवर आपटत जावं लागायचं. म्हणजे धावत येऊन जोर घ्यायला जागा नाही.

चेंडू नुसत्या बोटांत धरला तर लांब जात नाही, तो पंजा आणि मनगटाच्या आतल्या बाजूच्या बेचक्यात दाबून धरायचा. अंग आडवं, डावा खांदा लक्ष्याकडे, डावा पाय त्याच दिशेला रोवलेला. हात जवळजवळ सरळ ठेवून मागून खांद्यावरून आणायचा आणि कानाच्या थोडं पुढे आल्यावर सोडायचा. जोर दंडातून येत नाही, कंबर फिरते तिथून येतो. हात लवकर सुटला की चेंडू वर चढतो आणि किकचा जो तोटा तोच इथेही होतो. उशिरा सुटला की पंधरा मीटरवर आपटतो आणि घेणाऱ्याला उसळता चेंडू काबूत आणताना वेळ लागतो. सगळ्यात मोठा धोका म्हणजे गोलसमोरून आडवी फेक. ती मध्येच कुणी कापली तर गोलकीपर अजून जागेवर परतलेला नसतो आणि गोल सताड उघडा असतो. म्हणून फेक बाहेरच्या बाजूला, घेणाऱ्याच्या अंगावर न टाकता त्याच्या एक पाऊल पुढे, त्याच्या मागावरच्या माणसापासून लांबच्या पायावर टाकायची. आणि फेकण्याआधी, म्हणजे चेंडू हातात येत असतानाच, कोण मोकळा आहे ते पाहून ठेवलेलं असलं पाहिजे. ट्राउटमानचं खरं कौशल्य माझ्या मते इथे होतं. तो आयुष्यात बराच काळ सेंटर-हाफ होता, त्यामुळे मैदान त्याला खेळाडूच्या नजरेने दिसायचं.

नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असं धुतलं. त्या संघाचा हिदेगकुटी नावाला सेंटर-फॉरवर्ड होता, पण खेळायचा मागे उतरून. त्याच्यामागे जायचं की जागा धरून राहायचं, हे इंग्लिश बचावाला कळलंच नाही. त्यांचा गोलकीपर ग्रोसिचही लाथाडण्यापेक्षा चेंडू फेकून द्यायचा. सिटीच्या राखीव संघाने ही पद्धत आधी करून पाहिली, आणि १९५४-५५ च्या मोसमात मॅनेजर लेस मॅकडॉवल यांनी ती मुख्य संघात आणली. मागे उतरणाऱ्या सेंटर-फॉरवर्डच्या जागी डॉन रेव्ही, म्हणून तिचं नाव 'रेव्ही प्लॅन'. पहिल्याच सामन्यात प्रेस्टनने ५-० ने हाणलं! तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. या पद्धतीची पहिली कडी ट्राउटमान होता. तो चेंडू विंग-हाफ, म्हणजे मधल्या फळीत बाजूला खेळणाऱ्या केन बार्न्सकडे फेकायचा, बार्न्स रेव्हीकडे आणि तिथून खेळ उलगडायचा. गोलकीपरने चेंडू लाथाडला असता तर मागे उतरलेल्या रेव्हीचा काही उपयोगच नव्हता, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला असता. १९५५ चा पत्रकारांचा 'वर्षाचा फुटबॉलपटू' रेव्ही ठरला, १९५६ चा ट्राउटमान. हा मान मिळवणारा तो पहिलाच गोलकीपर. एकाच पद्धतीच्या दोन टोकांना लागोपाठ दोन वर्षं हा मान मिळाला, हे मला योगायोग वाटत नाही.

लोकांनी त्याला सहजासहजी स्वीकारलं नव्हतं. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती, मँचेस्टरने बॉम्बवर्षाव सोसला होता आणि शहरात ज्यू वस्ती मोठी होती. मोर्चे निघाले, मोसमाची तिकिटं परत करण्याच्या धमक्या आल्या. दोन माणसांचं वागणं इथे निर्णायक ठरलं. कर्णधार एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीत लढलेला. त्याने ड्रेसिंग रूममध्ये युद्धाला जागा नाही असं सांगून त्याचं स्वागत केलं. दुसरे रब्बी अलेक्झांडर आल्टमान. ते १९३८ मध्ये बर्लिनहून जीव वाचवून आलेले, त्यांचे आईवडील नाझींनी मारलेले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं की एका माणसाला त्याच्या देशाच्या पापाची शिक्षा देऊ नका. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्धच्या सामन्यात त्याची सुरुवात शिव्यांनी झाली. सिटी हरली, पण फक्त १-० ने, कारण त्याने एकामागून एक चेंडू अडवले. सामना संपल्यावर दोन्ही संघांचे खेळाडू रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि प्रेक्षकही उभे होते.

१९५५ ची फायनल सिटी न्यूकॅसलकडून ३-१ ने हरली. सिटीचा जिमी मेडोज सुरुवातीलाच गुडघा दुखावून बाहेर गेला आणि उरलेला सामना दहा जणांनी काढला. मेडोजचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

५ मे १९५६, पुन्हा वेम्बली, समोर बर्मिंगहॅम सिटी. तिसऱ्या मिनिटाला जो हेजचा गोल, पंधराव्याला बर्मिंगहॅमच्या किन्सीने बरोबरी केली. उत्तरार्धात जॅक डायसनचा गोल, आणि लगेच बॉबी जॉनस्टनचा तिसरा. हा तिसरा गोल सुरू झाला ट्राउटमानपासून, पण फेकीने नाही: परतणाऱ्या बर्मिंगहॅमच्या खेळाडूंच्या डोक्यावरून त्याने थेट डायसनकडे लांब किक मारली आणि डायसनने ती जॉनस्टनला दिली. बर्मिंगहॅमची सगळी माणसं पुढे आली होती आणि मागचं मैदान मोकळं होतं, तिथे किकच योग्य होती. कधी फेकायचं नाही हे कळणं हाही त्या हुन्नराचाच भाग.

सतरा मिनिटं उरली असताना बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी गोलकडे धावला आणि ट्राउटमानने त्याच्या पायांत झेप घेतली. मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. मर्फीने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्या काळी गोलकीपरला खांद्याने ढकलणंही नियमात बसायचं. ट्रेनर लॉरी बार्नेट धावत आला. बदली खेळाडू नावाची गोष्टच तेव्हा नव्हती, इंग्लिश लीगमध्ये ती १९६५-६६ च्या मोसमात आली. ट्राउटमान बाहेर गेला असता तर बचावातला कुणीतरी गोलमध्ये आणि संघ दहा जणांचा. तो थांबला. डोळ्यांपुढे सगळं धूसर, तरी आणखी चेंडू अडवले, एकदा तर आपल्याच डेव्ह यूइंगशी धडकला. ३-१ ने कप सिटीचा झाला. पदक घेताना त्याची वाकडी मान प्रिन्स फिलिप यांच्याही लक्षात आली.

आता दुखापत नेमकी काय होती. दुसऱ्या दिवशी लंडनमधल्या रुग्णालयात त्याला मान लचकली आहे, आपोआप बरी होईल असं सांगितलं गेलं. तीन दिवसांनी मँचेस्टरला एक्स-रे काढला तेव्हा कळलं की पाच मणके जागचे सरकलेत आणि दुसरा मणका दुभंगलाय. मानेत सात मणके असतात. डोकं डावीउजवीकडे वळतं ते पहिला मणका दुसऱ्याभोवती फिरतो म्हणून. या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, आणि श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसा तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवर निघतात. तिथे वर मज्जारज्जू तुटला तर श्वासच थांबतो. ट्राउटमानचा तिसरा मणका दुसऱ्यात पाचरीसारखा घुसून बसला आणि त्याने तुटलेला मणका जागेवर धरून ठेवला. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, ती या पाचरीमुळे.

'मान मोडलेली माहीत असूनही खेळला' असं जे लिहिलं जातं ते खरं नाही. कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. आणि ही एकट्याची दुर्दैवी घटना नव्हती. १९५२ ते १९६१ या दहा वर्षांत वेम्बलीच्या फायनलमध्ये खेळाडू जायबंदी होऊन संघ अपुरा पडण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा घडले: १९५३ ला बोल्टनचा एरिक बेल, १९५५ ला मेडोज, १९५७ ला मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर रे वुड, १९५९ ला रॉय ड्वाइट, १९६० ला डेव्ह व्हेलन. बदली खेळाडूचा नियम आणायला एवढं व्हावं लागलं, ही त्या काळच्या फुटबॉल चालवणाऱ्यांची हलगर्जी होती असं मी स्पष्ट म्हणेन.

फायनलनंतर काही आठवड्यांतच त्याचा लहान मुलगा मोटारीखाली सापडून गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही. डिसेंबरमध्ये ट्राउटमान संघात परतला. पहिलं वर्ष-दीड वर्ष आत्मविश्वास डळमळीत होता. १९५७-५८ मध्ये सिटीने लीगमध्ये १०४ गोल केले आणि १०० खाल्ले. लेस्टरविरुद्धचा ८-४ हा मारही याच मोसमातला. तरी तो १९६४ पर्यंत खेळला, सिटीसाठी एकूण ५४५ सामने. जर्मनीकडून एकही नाही. जर्मन संघाचे प्रशिक्षक हेर्बेर्गर यांनी १९५३ मध्ये भेटून प्रवासाची आणि राजकारणाची अडचण सांगितली, जर्मनीत खेळत असतास तर विचार केला असता म्हणाले. आदल्या वर्षी शाल्क या जर्मन क्लबने त्याला घ्यायचा प्रयत्न केला होता, पण सिटीने सोडलं नाही. १९५४ चा विश्वचषक जर्मनीने त्याच्याशिवाय जिंकला.

मॅनेजर म्हणून त्याची वाट खडतर होती, आणि त्यात त्याच्या स्वभावाचाही वाटा होता. तो तापट होता. १९६२ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध त्याने रेफरीच्या पाठीवर चेंडू मारला आणि मैदानाबाहेर काढला गेला. सिटी सोडल्यावर वेलिंग्टन टाउनकडून जेमतेम दोन सामने खेळला, त्यातही दुसऱ्यात हाकलला गेला.

१९६५ मध्ये तो स्टॉकपोर्ट काउंटीचा जनरल मॅनेजर झाला. क्लब चौथ्या विभागात, पैशाची चणचण, आणि हाकेच्या अंतरावर मँचेस्टरचे दोन बडे क्लब. शनिवारी दुपारी सिटीचं मेन रोड किंवा युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान सोडून स्टॉकपोर्टला कोण येणार? त्याच्या काळात घरचे सामने शुक्रवारी संध्याकाळी ठेवायला सुरुवात झाली आणि प्रेक्षक वाढले. छोट्या क्लबने मोठ्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्याला टाळणं, हा साधा आणि पक्का व्यवहार. १९६६ मध्ये चेअरमनशी बिनसलं आणि त्याने राजीनामा दिला. पुढच्याच मोसमात, १९६६-६७ ला, स्टॉकपोर्टने चौथा विभाग जिंकला. तेव्हा संघ कुणाच्या हाती होता? जिमी मेडोजच्या. १९५५ च्या फायनलमध्ये ज्याची कारकीर्द संपली, तोच.

मग जर्मनीत प्रॉयसेन म्युन्स्टर, त्यानंतर ओपेल र्‍युसेल्सहाइम. दोन्हीकडे एकेक वर्ष, लक्षात राहण्यासारखं काही नाही. वयाच्या अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासाव्या वर्षी जर्मन फुटबॉल संघटनेने त्याला वेगळंच काम दिलं. जिथे फुटबॉलची घडी नीट बसलेली नाही अशा देशांत जाऊन ती बसवायची. १९७२ मध्ये बर्मा, मग टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान आणि उत्तर येमेन, १९८८ पर्यंत. म्युनिक ऑलिम्पिकमध्ये बर्मा सोव्हिएत संघ आणि मेक्सिकोकडून फक्त १-० ने हरला, सुदानला २-० ने हरवलं. पण याचं सगळं श्रेय त्याला देऊ नका. बर्मा आधीपासून बलाढ्य होता: १९६६ चं एशियाड सुवर्ण त्यांचं, १९७० चं दक्षिण कोरियाबरोबर वाटून घेतलेलं. बँकॉकच्या त्या १९७० च्या स्पर्धेत भारताला उपांत्य फेरीत हरवणारा संघ हाच, आपल्याला कांस्यावर समाधान मानावं लागलं.

या सोळा वर्षांचं मोजमाप चषकांत होत नाही, म्हणून मॅनेजर म्हणून तो अपयशी असा शिक्का मारला जातो. मला ते पटत नाही. क्लबच्या मॅनेजरला चेअरमन सांभाळावा लागतो, आणि ते त्याला कधीच जमलं नाही. शिकवायला मात्र चेअरमन लागत नाही. हातात चेंडू आला की आधी मोकळा माणूस बघ, मग फेक: हे सांगायला भाषाही फारशी लागत नाही, करून दाखवता येतं.

निवृत्तीनंतर तो स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ राहिला. २००४ मध्ये ब्रिटनने ब्रिटिश-जर्मन मैत्रीसाठी त्याला ओबीई हा सन्मान दिला. १९ जुलै २०१३ ला तो गेला, ८९ वर्षांचा होता.

जुन्या चित्रफिती शोधणार असाल तर धडकेचा क्षण बघून थांबू नका. फायनलचं मिळेल तेवढं चित्रण काढा, आणि चेंडू त्याच्या हातात आला की चेंडूकडे न बघता त्याच्या डोक्याकडे बघा.